वाहून जाणारं शेत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सुरगाणा तालुक्यात भूगोल शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. वर्गात 'धूप' हा धडा आला की मुलं खिडकीबाहेर बघायची. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. पुस्तकातल्या चित्रापेक्षा बाहेरचा डोंगर अधिक स्पष्ट होता. आषाढात प्रत्येक ओहोळ तांबडालाल होऊन खाली धावायचा. तो तांबडा रंग म्हणजे कुणाचं तरी शेत होतं.

आपला डोंगर कसा बनला, ते आधी पाहू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचले आणि त्यातून सह्याद्रीचा काळा पाषाण तयार झाला. काही थर घट्ट, तर काही सच्छिद्र आणि मऊ. मऊ थर लवकर झिजतो, घट्ट थर कड्यासारखा उभा राहतो. म्हणून हातगडच्या बाजूने पाहिलं तर डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. या खडकाला शास्त्रज्ञ 'ट्रॅप' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थच पायरी असा आहे.

केमच्या डोंगराजवळ आणखी एक गंमत आहे. तिथे उगम पावणारी गिरणा पूर्वेकडे वळते, कळवण-मालेगाव करत जळगावात जाऊन तापीला मिळते आणि सुरतेकडून समुद्र गाठते. आपल्या बाजूची पार मात्र पश्चिमेला उतरते आणि थोड्याच अंतरात वलसाड जिल्ह्यात समुद्राला मिळते. शेवटी दोघींचं पाणी अरबी समुद्रातच, पण आपल्या नद्यांची वाट जवळची आणि उताराची. ज्या पाण्याला थोड्या अंतरात पुष्कळ खाली उतरायचं असतं, ते खोल कापत जातं. दऱ्या त्यानेच कोरल्या. हे काम लाखो वर्षं चाललं आहे आणि त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. तक्रार आहे ती गेल्या दोन-तीन पिढ्यांत वाढलेल्या वेगाची.

हा वेग कसा वाढतो? पावसाचा थेंब उघड्या जमिनीवर पडला की मातीचे कण उडवतो. उडालेले कण पाण्याबरोबर चालू लागतात. पाणी एकत्र आलं की बोटाएवढा ओघळ पडतो, ओघळाची घळ होते, आणि घळ एकदा पडली की ती वरच्या अंगाला शेत खात जाते. डोक्यावर झाड असेल, खाली पालापाचोळा असेल, मातीत मुळांचं जाळं असेल, तर तोच थेंब हळू उतरतो आणि जिरतो. माती आपोआप टिकत नाही, तिला कुणीतरी धरून ठेवावं लागतं.

हे लक्षात यावं म्हणून मी मुलांना दूरचं उदाहरण देत असे. उत्तर ध्रुवाजवळ, सैबेरिया आणि अलास्कात, अशी जमीन आहे की जी वर्षानुवर्षं गोठलेलीच असते. तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उन्हाळ्यात वरचा थोडा थर सैल होतो, खालचा दगडासारखा राहतो. तिथे माती धरून ठेवण्याचं काम बर्फ करतो. हवा तापू लागली, बर्फ वितळू लागला आणि जमीन खचू लागली. सैबेरियातल्या बटागाय गावाजवळ १९६०च्या दशकात जंगल तोडलं गेलं. सावली गेली, जमीन तापली, एक घळ पडली. आज तिथे सुमारे एक किलोमीटर लांबीचं आणि पन्नास मीटरहून खोल असं विवर आहे आणि ते अजून वाढतं आहे. अलास्कातलं न्यूटॉक हे गाव नदीकाठ ढासळल्यामुळे सोडावं लागलं. २०१९पासून तिथली कुटुंबं नव्या जागी जाऊ लागली. त्या गोठलेल्या मातीत वातावरणातल्या कार्बनच्या जवळपास दुप्पट कार्बन साठलेला आहे. तो बाहेर पडला तर त्याची झळ आपल्यालाही लागणार. म्हणून तर भारतानेही २००८ साली नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र उघडलं. त्याचं काम आपल्या शेजारच्या गोव्यातल्या ध्रुवीय संशोधन संस्थेकडून चालतं.

बर्फाच्या त्या देशात आणि आपल्या वरकस जमिनीत काय साम्य? धरणारा हात सुटला की जमीन जाते, एवढंच. तिथे तो हात बर्फाचा, इथे मुळांचा आणि बांधाचा.

माझ्या घरचीच गोष्ट सांगतो. आमची उतारावर नागली-वरईची दोन एकर जागा आहे. वडील दर उन्हाळ्यात दगड वेचून ताल नीट करायचे. आम्हा भावांना तो वेळेचा अपव्यय वाटे. वडील थकले, आम्ही तालीकडे पाठ फिरवली. चौथ्या पावसाळ्यात एका रात्री ती फुटली. सकाळी पाहिलं तर आवणी केलेली रोपं गेली होती, आणि त्यांच्याखालची माती गेल्यामुळे मुरूम उघडा पडला होता. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, असं मी वर्गात फळ्यावर लिहीत आलो होतो. आमच्या शेतातून ती एका रात्रीत गेली. त्या वर्षापासून धाकटा भाऊ दिवाळीनंतर दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला जातो.

आता पाणी. आपल्याकडे पाऊस येवला-नांदगावच्या तिपटीहून अधिक, आणि तरीही एप्रिलमध्ये बायाबापड्या हंडे घेऊन दरीत उतरतात. याचं कारणही मातीच आहे. माती म्हणजे पाणी साठवण्याचं मडकं. मडकंच पातळ झालं तर कितीही ओता, ते वाहून जाणार.

एक अवघड गोष्टही बोलायला हवी. वनहक्क कायदा २००६ साली झाला. मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकरी पायी गेले, त्यांत सुरगाण्याची माणसं पुष्कळ होती. कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी, ही त्यांची मागणी होती. ती रास्तच आहे. पण ज्या जमिनीवर आपला हक्क कागदावर नाही, तिच्यात दगड वाहून बांध घालायला माणूस कचरतो. उद्या कुणी उठवलं तर? अशा विचारात एकेक पावसाळा जातो आणि माती खाली जाते. कागद हाती येईल तेव्हा त्यावरच्या जमिनीत पीक उभं राहील एवढी माती उरलेली असावी, यासाठी कागद लवकर मिळणं आणि बांध लगेच घालणं, दोन्ही हवं.

उपाय नवे नाहीत. उताराला आडवी पेरणी, समतल चर, दगडी ताली, बांधावर गवत आणि बांबू, घळीच्या तोंडाशी लहान लहान दगडी अडथळे. काम वरून सुरू करायचं, माथ्याकडून पायथ्याकडे. खाली कितीही मोठा बंधारा बांधला आणि वर डोंगर उघडा ठेवला, तर तो गाळाने भरतो.

भाऊ आणि मी गेल्या तीन उन्हाळ्यांत ती ताल पुन्हा रचली. जुनेच दगड होते, वडिलांनी वेचलेले. मुरमावर अजून नागली येत नाही. पण तालीच्या वरच्या अंगाला वीतभर माती साचली आहे. यंदा त्यात कुळीथ उगवला. भाऊ अजूनही बागांकडे जातो. जाताना मला म्हणतो, "दादा, पावसाआधी एक फेरी मारून बघ, कुठे दगड सुटलाय का." मी फेरी मारतो. तुमच्या शेताला बांध असेल, तर तुम्हीही एक मारा.