न चाललेल्या मोटारीचे मोल

बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जानेवारी २०२३ मध्ये 'ट्वेंटीवन गन सॅल्यूट' या नावाने जुन्या व दुर्मिळ मोटारींचा मोठा मेळावा भरला होता. अशा मेळाव्यांत परीक्षक मोटारीचा वेग मोजत नाहीत. कारखान्यातून निघताना ती जशी होती तशी कितपत उरली आहे, हे ते पाहतात. संग्राहकांच्या बाजारातही हीच कसोटी लागते आणि तिच्यातून एक चमत्कारिक न्याय निघतो : जी मोटार कमीत कमी चालली, तिला अधिकात अधिक किंमत! श्रोतेहो, चालण्यासाठीच जन्मलेल्या वस्तूचे मोल तिच्या न चालण्यावर ठरावे, हे कितपत योग्य आहे?

इटलीच्या फेरारी कंपनीची 'एफ-५०' ही मोटार उदाहरणादाखल घेता येईल. कंपनीच्या पन्नास वर्षांच्या स्मरणार्थ ही उघड्या टपाची गाडी १९९५ साली जिनिव्हा येथे प्रथम दाखविण्यात आली. १९९७ पर्यंत तिच्या अवघ्या ३४९ प्रती निघाल्या. बाजारात जितक्या खपतील त्याहून एक कमीच काढावयाची, असे कंपनीचे धोरण सांगितले जाते. तिचे १२ सिलिंडरांचे, ४.७ लिटरचे इंजिन शर्यतीच्या गाडीच्या इंजिनावरून घेतलेले आहे. तिचा कठीण टप काढता येतो, परंतु तो गाडीत ठेवण्यास जागा नाही. तो घरीच ठेवून निघावे लागते. आकाशाखाली धावण्यासाठीच ती घडविली गेली, याचा याहून निराळा पुरावा नको. तरीही तिच्यातील कित्येक गाड्या बंद खोलीत आच्छादनाखाली उभ्या असतात. मीटरवरचा आकडा वाढला की किंमत उतरेल, ही धास्ती धन्याला असते.

संग्राहकांचा विचार अगदीच निराधार नाही. कमी चाललेल्या गाडीत मूळचे भाग शाबूत असतात, आणि पुढच्या पिढीतील अभ्यासकाला ती अस्सल पुराव्यासारखी उपयोगी पडते. परंतु यंत्राचा धर्म निराळा आहे. उभ्या गाडीतील पेट्रोल कालांतराने बिघडून चिकट होते, रबराच्या नळ्या कडक होऊन तडकतात, बॅटरी उतरते आणि एकाच जागी भार पडून टायर चपटतात. गंज तर किलोमीटर मोजीतच नाही.

लक्ष्मीविलास राजवाड्यातही इटलीची कला आहे. दरबार हॉलची जमीन व्हेनिसच्या पद्धतीच्या मोझेकची आहे, आणि फेलिची या इटालियन शिल्पकाराच्या मूर्ती तेथे आहेत. मूर्ती स्थिर राहूनच आपले काम करते, म्हणून तिला जपणे म्हणजे तिला धक्का लागू न देणे. मोटारीची कला मात्र निम्मी आकारात असते व निम्मी गतीत. तिला केवळ मूर्तीसारखे जपणे म्हणजे सतार कपाटात ठेवून संगीत राखल्याचे समाधान मानणे होय.

हा राजवाडा १८९० साली पूर्ण झाला, आणि त्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी बडोद्यात कलाभवन सुरू केले. यंत्रविद्या, सुतारकाम, रंगकाम यांचे शिक्षण तेथे मिळू लागले. दादासाहेब फाळके तेथलेच विद्यार्थी. आज त्या वास्तूत महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा आहे. वैभवाला कुशल हातांची जोड हवी, हे त्या राज्यकर्त्याने ओळखले होते. मोटारींनाही हेच लागू पडते. गाडी चालली तर ती दुरुस्तीस येते, दुरुस्तीस आली तर कारागीर शिकतो, आणि कारागीर शिकला तर गाडी जगते. सर्वच गाड्या कुलपात गेल्या, तर त्या उघडून पाहण्याची विद्याच लोपेल. मग कोट्यवधींची वस्तू असेल, पण तिचा आजार जाणणारा वैद्य नसेल.

बाजारानेही एकदा याची साक्ष दिली आहे. फेरारीची 'नार्ट स्पायडर' ही उघडी मोटार केवळ १० निघाली होती. त्यांपैकी एक १९६८ पासून अमेरिकेतील एकाच कुटुंबाकडे होती आणि घरच्या माणसांनी ती हौसेने चालविली होती. ऑगस्ट २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील लिलावात तिला २ कोटी ७५ लाख डॉलर आले, आणि कुटुंबाने ते उत्पन्न दानधर्मास दिले. वापरामुळे तिचे मोल बुडाले नाही.

भारतातील २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होते. रोजच्या वापरास त्यांना मनाई आहे. परंतु प्रदर्शन, मिरवणूक, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठी रस्त्यावर आणण्यास मुभा आहे. जतन करावयाचे तर थोडे चालविणेही आले, एवढे शहाणपण त्या नियमात आहे. धनिकांनी संग्रह जरूर करावा. पण वर्षातून काही वेळा मोटार बाहेर काढावी, एखाद्या होतकरू कारागिराला तिचे इंजिन उघडून दाखवावे, आणि शाळेच्या मुलांना तिचा आवाज ऐकू द्यावा. त्यामुळे मीटरवर चार आकडे चढतील खरे, पण तो तोटा मानण्याचे कारण नाही.