कढईतली वाईन

आमच्या गटाला गेल्या हिवाळ्यात दिंडोरीकडच्या एका पर्यटन निवासाचं जेवणाचं काम मिळालं. द्राक्षबागा आणि वाईन बघायला नाशिककडे पाहुणे येतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. पिठलं-भाकरी, शेवभाजी, मासवडी हे आमच्या हातातलंच. पण एक दिवस मालकांनी ओट्यावर बाटली ठेवली आणि म्हणाले, उद्याच्या पाहुण्यांना वाईन घातलेलं मशरूम हवंय.

आमच्यातल्या कितीतरी जणी गावात आडवी बाटली करायला रांगेत उभ्या राहिलेल्या. एक काकू म्हणाल्या, "मतदानात आडवी केली, आता कढईत उभी करायची का गं?" हसलो सगळ्या, पण बैठक दोन तास चालली. शेवटी ठरलं, जिला त्या बाटलीला हात लावायचा नाही तिने लावू नये, मजुरी सगळ्यांना सारखी.

ती बाटली पोर्टची होती. साध्या वाईनमध्ये मद्यार्क शंभरात बारा-तेरा भाग असतो. पोर्टमध्ये द्राक्षाचा रस आंबत असतानाच वरून द्राक्षाचीच कडक दारू घालतात. त्याने आंबणं थांबतं, रसातली साखर शिल्लक राहते आणि मद्यार्क वीस भागांच्या आसपास जातो. म्हणून ती गोडही असते आणि कडकही. पोर्तुगालच्या डोरू नदीच्या खोऱ्यात ही होते. इटलीत सिसिली बेटावर मार्साला नावाची अशीच वाईन होते, तिकडे ती चिकन आणि मशरूममध्ये घालतात.

कृती अवघड नाही. लोण्यावर कांदा-लसूण परतायचा, मशरूम मोठ्या आचेवर पाणी आटेपर्यंत परतायचं. मग कढई खाली उतरवून वाईन ओतायची. पेटत्या गॅसवर ओतली की भडका उडतो, आमच्या एकीच्या भुवया थोडक्यात वाचल्या. परत आचेवर ठेवून रस निम्मा होऊ द्यायचा, मिरपूड घालायची. मीठ अगदी शेवटी, कारण रस आटला की खारटपणा वाढतो. साखर घालायचीच नाही. चव आम्हाला आवडली, खोटं कशाला बोलू? काळ्या मनुका तुपात परतल्यासारखा वास येतो.

त्या दिवशी मालकांचा स्वयंपाकी म्हणाला, "ताई, काळजी करू नका, उकळी आली की दारू सगळी उडून जाते." आम्ही मान डोलावली. वीस माणसांसाठी अख्खी बाटली घातली होती, भाजी उरली. आमच्या एका ताईने मोठा डबा भरून घरी नेला. चांगली भाजी टाकायची कशाला?

तिच्या नवऱ्याची दारू सुटून सात महिने झाले होते. व्यसनमुक्तीची गोळी चालू होती. भाऊंनी रात्री भाकरीबरोबर जवळजवळ सगळा डबा संपवला. थोड्याच वेळात तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, डोकं ठणकतंय. ताईला गोळी सुरू करताना सांगितलं होतं, की हिच्यावर दारू घेतली तर असंच होतं. तिने काय समजायचं ते समजलं. सासूने कपाळावर हात मारला, थोरल्या मुलाने बापाशी बोलणं टाकलं. भाऊ शपथा घेत होते, "मी थेंब घेतला नाही." कोण ऐकणार? दवाखान्यात नेतानाही ताई त्यांच्याशी बोलली नाही.

डॉक्टरीणबाईंनी मात्र विचारलं, "जेवणात काय होतं?"

मैत्रिणींनो, तेव्हा आम्हाला कळलं की दारू सगळी उडत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचा तक्ता आहे. दारू घालून पदार्थ पंधरा मिनिटं शिजवला तर शंभरातली चाळीस भाग दारू पदार्थातच राहते. अर्ध्या तासाने पस्तीस, एक तासाने पंचवीस. अडीच तास रटरटली तरी पाच उरते. आणि हॉटेलात कढईत जाळ करून दाखवतात ना, त्यात तर शंभरातली पंचाहत्तर राहते. आमची भाजी जेमतेम पंधरा मिनिटं उकळली होती, आणि ताटातल्या दोन चमच्यांची गोष्ट वेगळी, डबाभर भाजीची वेगळी.

ती गोळी डायसल्फिरामची. शरीरात गेलेली दारू पुरती पचू देत नाही, अर्धवट पचून जे तयार होतं ते रक्तात साठतं आणि असा त्रास होतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो. खोकल्याच्या काही औषधांतही मद्यार्क असतो, तेही विचारून घ्यावं लागतं. आणि जाता जाता एक सांगतो, काही जणी ही गोळी नवऱ्याच्या चहात गुपचूप घालतात. तसं करू नका. त्याला ठाऊक नसेल तर तो पिणारच, आणि त्यात जीवही जाऊ शकतो.

भाऊ दुसऱ्या दिवशी घरी आले. आम्ही पाच जणी त्यांच्या अंगणात गेलो आणि चूक आमची होती हे सासूबाई आणि मुलासमोर सांगितलं. भाऊ काही बोलले नाहीत. मुलगा मात्र आत जाऊन त्यांच्यासाठी पाणी घेऊन आला.

काम सोडायचं का, यावर पुन्हा बैठक. सोडलं नाही. आता वाईनची कढई आणि डाव वेगळा आहे, डावाच्या दांड्याला लाल कापड बांधलंय. वाढताना पाहुण्यांना आधी सांगतो, लहान मुलं आणि गरोदर बाई असेल तर मुद्दाम विचारून. त्यांच्यासाठी काळ्या द्राक्षांचा रस निम्मा आटवून, लिंबू पिळून तीच भाजी करतो. तंतोतंत चव येत नाही, मनुकांचा वास येतो पण मागची कडवट धार नाही येत. तरी मुलं हीच भाजी दुसऱ्यांदा मागतात.

लाल कापडाच्या कढईतलं उरलेलं घरी न्यायचं नाही, हा ठराव ताईनेच मांडला. परवा भाऊ ट्रॅक्टरने सामान पोचवायला आले होते. आम्ही जेवायचा आग्रह केला, तर ओट्याकडे बघत म्हणाले, "कोणत्या डावाने वाढताय, ते आधी दाखवा."