आलेला कागद लपवू नका

पारनेर तालुक्यातल्या बचत गटांच्या आम्ही सगळ्या आज तुमच्याशी एका दंडाबद्दल बोलणार आहोत. दंड आम्हालाच झाला होता, तेव्हा ऐकीव काही नाही.

दिवाळीच्या आधी आमच्या एका गटाने शेजारच्या एका शहरात फराळाचा स्टॉल लावला होता. शहराचं नाव घेत नाही, कारण चूक आमचीही होती. चकली, शेव, अनारसे, सोबत शेंगदाण्याची चटणी. गिऱ्हाईक यावं म्हणून तीन फ्लेक्स छापले. एक मांडवात आमच्याच टेबलामागे लावला. दुसरा रस्त्याकडेच्या विजेच्या खांबाला तारेने बांधला, तिसरा एका सरकारी भिंतीवर. परवानगी घ्यायची असते हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. सगळेच लावतात, आपणही लावला.

माल चार दिवसांत संपला. आम्ही आनंदाने घरी आलो आणि रस्त्यावरचे दोन्ही फ्लेक्स तिथेच राहिले. त्यावर नाव गटाचं, फोन नंबर आमच्या खजिनदार ताईंचा. पंधरा दिवसांनी त्यांच्या घरी नोटीस आली. विनापरवाना तीन फलक, प्रत्येकी 1000, एकूण 3000 रुपये, सात दिवसांत भरा.

ताईंनी ती नोटीस धान्याच्या कोठीमागे ठेवली. घरात सांगितलं नाही, गटातही नाही. मध्येच एका ओळखीच्या माणसाने सांगितलं, "पाचशे द्या, कागद मिटवतो." ताई द्यायलाही निघाल्या होत्या. पावती मिळेल का विचारलं तर तो हसला, म्हणून त्या थांबल्या. पाचव्या दिवशी बैठकीत हप्ते लिहिताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा आम्हाला कळलं. त्या म्हणाल्या, "नंबर माझा होता. तुम्ही म्हणाल, हिने गटाला खड्ड्यात घातलं."

बायांनो, तीन हजारांपेक्षा हे वाक्य आम्हाला जड गेलं. फ्लेक्स सगळ्यांच्या संमतीने छापला होता. मग नोटीस एकटीची कशी?

त्याच बैठकीत नोटीस मोठ्याने वाचली आणि एकेक फलक मोजला. खांबावरचा आमचा, भिंतीवरचा आमचा, दोन्ही विनापरवाना. तिथे वाद नाही. पण तिसरा मांडवातला होता. मांडवाची परवानगी प्रदर्शन भरवणाऱ्यांनी काढलेली होती आणि जागेचं भाडं आम्ही दिलं होतं. छपाईच्या बिलावर तीनच फ्लेक्स लिहिलेले, म्हणजे चौथा कुठे असण्याचा प्रश्नच नव्हता. ठरलं : दोनचा दंड भरायचा, तिसऱ्याचा लेखी हरकत घेऊन मागे घ्यायला लावायचा.

कुणी म्हणेल, एवढ्याशा फ्लेक्सला दंड कशाला? आम्हीही तेच म्हणत होतो. पण आठवा, 17 एप्रिल 2023 ला पिंपरी-चिंचवडमध्ये किवळे इथे वादळात होर्डिंग पडलं आणि आडोशाला थांबलेली 5 माणसं गेली. 13 मे 2024 ला मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर भलंमोठं होर्डिंग कोसळलं, 17 जण गेले. आमचा फ्लेक्स लहान होता खरा, पण लोखंडी तारेने विजेच्या खांबाला बांधलेला होता. वाऱ्याने ती तार सुटून कुणाच्या अंगावर आली असती तर?

कायदाही जुनाच आहे. महाराष्ट्रात 1995 पासून मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा अधिनियम आहे. सार्वजनिक जागी लेखी परवानगीशिवाय जाहिरात लावली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. साताऱ्यातल्या एका संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2017 साली बेकायदा फलकांवर कारवाई करण्याचे आदेश राज्यभरातल्या पालिकांना दिले. म्हणून फलक लावण्याआधी विचारा. शहरात नगरपंचायत किंवा पालिका, गावात ग्रामपंचायत, मोठ्या रस्त्याकडेला बांधकाम खात्याचं कार्यालय. विजेच्या खांबाला आणि झाडाला तर हात लावूच नका.

आता नोटीस आलीच तर काय करायचं? हाताची पाच बोटं समोर धरा.

अंगठा : तारीख. नोटिशीवरची तारीख, जावक क्रमांक, कलम, रक्कम आणि मुदत वहीत लिहून घ्या. मुदत चुकवू नका.

दुसरं बोट : पुरावा. परवानगीची प्रत, छपाईचं बिल, जागेच्या भाड्याची पावती, फोटो.

तिसरं : लेखी उत्तर. दोन प्रती करा. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. ही पोच म्हणजे आपला साक्षीदार. तोंडी बोलणं कुणाच्या लक्षात राहत नाही.

चौथं : माहिती. दंड कशाच्या आधारे लावला, पंचनामा आणि फोटो कुठे आहेत, हे माहिती अधिकारात मागता येतं. अर्जाला 10 रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही नाहीत. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. पण त्या उत्तरासाठी नोटिशीची मुदत थांबत नाही, म्हणून हरकत आधी द्या.

करंगळी : मदत. प्रकरण न्यायालयात गेलं तर घाबरू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्यात बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा 15100 वर फोन लावा.

आम्ही चौघी मिळून गेलो. पहिल्या दिवशी साहेब जागेवर नव्हते, पण उत्तराची पोच घेऊनच निघालो. दुसऱ्या खेपेला त्यांनी बिल आणि भाड्याची पावती पाहिली, मांडवातला फोटो पाहिला आणि तिसरा फलक नोटिशीतून कमी केला. 2000 रुपये भरले, पावती घेतली. दोन्ही फ्लेक्स त्याच दिवशी आम्ही स्वतः उतरवले. आता ते वाळवणाखाली अंथरायला कामी येतात.

पैसे बचतीतून काढले नाहीत. फराळाच्या नफ्यातून भरले, ठराव लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या. पहिली सही खजिनदार ताईंनी केली.

तेव्हापासून आमच्या गटात एक नियम आहे. बँकेचा असो, वीजबिलाचा असो की दंडाचा, कुठलाही सरकारी कागद आला की तो बैठकीत उघडायचा. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा एखादा कागद कोठीमागे किंवा गादीखाली असेल, तर तो या आठवड्याच्या बैठकीला घेऊन या. मुदत संपायच्या आत.