शहरांतील कुत्र्याची निगा

(नभोवाणीवरील भाषण)

नाशिककरांच्या घरीं माघ-फाल्गुनांत पाहुणा आला कीं चहाच्या आधीं त्याच्यापुढें द्राक्षांची बशी येते. निफाड-दिंडोरीकडे कोणी आप्त असला तर बशीची करंडी होते. सुमारें तीस वर्षांपूर्वीं आमच्याकडेहि अशी एक करंडी आली होती. घरांत मोती नांवाचा चार वर्षांचा, पांढराशुभ्र कुत्रा होता. मुलें एकेक मणी उंच उडवीत आणि मोती तो वरच्यावर झेली. हा खेळ पाहावयास शेजारचीं मुलें जमलीं. मीहि खुर्चींत बसून कौतुकानें पाहत होतों. दोन-चार मणी मीं स्वतः उडविले. दुसऱ्या दिवशीं पहांटे मोतीला ओकाऱ्या सुरू झाल्या. बाहेर कांहीं घाणेरडें खाल्लें असेल असें समजून आम्हीं त्याला दिवसभर उपाशी ठेविलें. तिसऱ्या दिवशीं तो पाण्याच्या भांड्यापाशीं जाऊन नुसता उभा राहूं लागला आणि त्याची लघवी बंद झाली. पशुवैद्यांनीं आपल्याकडून शर्थ केली. परंतु सहाव्या दिवशीं मोती गेला. मूत्रपिंडें निकामी झालीं एवढें कळलें. कशानें झालीं, तें त्या वेळीं कोणालाच सांगतां आलें नाहीं.

आज तें सांगतां येतें. द्राक्षें आणि बेदाणे कुत्र्याला विषासमान ठरूं शकतात, ही गोष्ट पशुवैद्यांच्या ध्यानांत आली ती या शतकाच्या आरंभाच्या सुमारास. द्राक्षांतील टार्टारिक आम्ल हें त्याचें कारण असावें, असें २०२१ पासून मानलें जाऊं लागलें आहे. चिंचेंतहि हेंच आम्ल असतें, तेव्हां आमटीच्या चिंचेपासूनहि कुत्र्याला दूर ठेवलेलें बरें. यांतील मोठी फसगत अशी कीं, एका कुत्र्याला मूठभर द्राक्षें बाधत नाहींत आणि दुसरा थोडक्यानेंहि दगावतो. किती खाल्लीं असतां चालतील, याचें माप अद्याप कोणी देऊं शकलेलें नाहीं. "आमचा तर दरवर्षीं खातो" असें सांगणारे गृहस्थ मला नेहमीं भेटतात. मोतीहि मागील वर्षीं खात होता. द्राक्षें खाल्ल्याचें कळतांच, ओकारीची वाट न पाहतां, कुत्र्याला पशुवैद्याकडे न्यावें. पहिल्या दोन तासांत औषधानें ओकारी करवितां येते, आणि पुढें शिरेंतून सलाईन देऊन मूत्रपिंडें वांचवितां येतात. घरीं मिठाचें पाणी पाजण्याचा उपाय मात्र करूं नये. त्या मिठाचीच बाधा होते.

मोतीला आम्हीं मारलें तें प्रेमानें मारलें. शहरांतील पाळीव कुत्र्यांची दुखणीं पाहूं गेलें तर हेळसांडीपेक्षां असलें प्रेमच त्यांच्या मुळाशीं अधिक वेळां आढळतें, असें माझें मत आहे. आपल्याला जें रुचतें तें त्यालाहि हितकर असणारच, असें आपण गृहीत धरतों.

जेवणाचेंच पाहा. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणाऱ्या नामदेवांची कथा आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकली आहे. त्या कथेचें तात्पर्य सर्वांभूतीं देव पाहावा असें आहे. तूप हें तिचें तात्पर्य नव्हे. रोजच्या तुपानें कुत्रा लठ्ठ होतो आणि एखाद्या सणाला मिळालेल्या तळकट पक्वान्नानें त्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊन तो अंथरूण धरतो. दूध-पोळीवर वाढविलेला कुत्रा जगतो खरा, परंतु त्याच्या शरीराला लागणारें मांसजन्य सत्त्व तींतून पुरेसें मिळत नाहीं. शिवाय मोठेपणीं पुष्कळ कुत्र्यांना दूध पचतहि नाहीं. ज्यांच्या घरीं मांस चालतें त्यांनीं शिजविलेलें, बिनमसाल्याचें मांस भाताबरोबर द्यावें. हाडें मात्र शिजविलेलीं कधींहि देऊं नयेत. त्यांच्या अणकुचीदार कपच्या आंतड्यांत रुततात. ज्यांच्या घरीं मांस चालत नाहीं, त्यांनीं निदान उकडलेलीं अंडीं चालवून घ्यावींत. तेंहि नसेल तर पशुवैद्याच्या सल्ल्यानें तयार अन्न आणावें.

दैवाची थट्टा म्हणा, पण आमच्या जिल्ह्यानें ज्या दोन पिकांवर नांव मिळविलें तीं दोन्ही कुत्र्याच्या जिवावर उठणारीं आहेत. लासलगांवचा कांदा, कच्चा असो वा शिजलेला, कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशींचा नाश करतो. लसूणहि त्याच वर्गांतला. उरलेली भाजी-आमटी भातावर ओतून त्याच्यापुढें सरकविणाऱ्या गृहिणीला यांत आपण कांहीं अपाय करीत आहों असें स्वप्नांतहि वाटत नसतें. चॉकलेट तर मुलांच्या हातून पदोपदीं त्याच्या तोंडांत जातें. तेंहि तितकेंच घातक आहे. आणि अन्न पुरतें कीं नाहीं हें त्याच्या डोळ्यांतील याचनेवरून ठरवूं नये. ती जेवणानंतरहि तशीच असते. त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवावा. त्या हाताला सहज लागाव्या, पण डोळ्यांना दिसूं नयेत.

आतां फिरण्याविषयीं. वाड्यांच्या दिवसांत कुत्र्याला अंगण होतें, ओसरी होती. आज गंगापूर रस्त्यावरील सदनिकेंत त्याच्या वांट्याला चार फुटांची गॅलरी येते. तेथें तो दिवसभर भुंकतो, पाय चाटून चाटून फोड आणतो, चपला कुरतडतो, आणि त्याला द्वाड ही पदवी मिळते. रोज सकाळ-संध्याकाळ मिळून निदान तासभर तरी त्याला चालवावें. चालवावें याचा अर्थ कोपऱ्यावर नेऊन, विधि उरकतांच परत ओढून आणावें असा नव्हे. पंचवटींत निघालेली आजी जशी देवळा-देवळापाशीं थांबते, तसा कुत्रा खांबा-खांबापाशीं थांबतो. त्याला थांबूं द्यावें. वास घेण्यानें त्याच्या मनाला जो व्यायाम होतो तो नुसत्या दौडण्यानें होत नाहीं. सोबत जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून त्याची घाण आपणच उचलावी. शेजारच्यांचा रोष मालकावर होतो आणि त्याचे दगड कुत्र्याला बसतात.

चैत्र-वैशाखांत नाशिकचा पारा चाळीस अंशांवर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाहीं. जीभ बाहेर काढून धापा टाकणें हाच त्याचा मुख्य उपाय. बसक्या नाकाच्या पग जातीच्या कुत्र्यांना तेंहि नीट साधत नाहीं, त्यामुळें त्यांना ऊन लवकर मारतें. डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची पाठ टेकवून पाहावी. पांच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्या रस्त्यावरून अनवाणी प्राण्याला नेऊं नये. बर्फाळ प्रदेशांतील केसाळ कुत्रीं येथें आणून वातानुकूलित खोलींत कोंडणाऱ्यांची हौस मला समजत नाहीं. मुधोळचा उंच, सडपातळ शिकारी कुत्रा आपल्याच हवेंत वाढलेला आहे. टपालखात्यानें २००५ सालीं ज्या चार देशी जातींचीं तिकिटें काढलीं त्यांत तो होता. पण त्याला धांवावयास मैदान हवें, हें सांगितल्यावांचून त्याची शिफारस करणें योग्य होणार नाहीं. आपल्या गल्लींतलें पिलूं तर याहून सोपें.

पावसाळ्याचा धोका निराळा. गोदेला पूर आला म्हणजे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कोठपर्यंत चढलें यावर आपण पुराचें माप घेतों. पण पूर ओसरल्यावर घाटावर जो चिखल आणि जीं डबकीं राहतात त्यांकडे आपलें लक्ष नसतें. उंदरांच्या मूत्रांतून लेप्टोस्पायराचे जंतू त्या पाण्यांत येतात आणि तें पाणी चाटणाऱ्या कुत्र्याच्या यकृताला व मूत्रपिंडांना ग्रासतात. तोच रोग पुढें माणसालाहि होऊं शकतो. याची लस मिळते. याच दिवसांत गोचीडहि माजतात. फिरून आल्यावर कानांत, बोटांच्या बेचक्यांत, गळपट्ट्याखालीं रोज पाहावें. गोचिडांमागून ताप येतो. कुत्रा जेवणाकडे पाठ फिरवितो, हिरड्या फिकट पडतात, कधीं नाकांतून रक्त येतें. अशा वेळीं एक दिवसहि थांबूं नये.

लशींचा विषय निघाला आहे म्हणून सांगतों. पिलूं दीड-दोन महिन्यांचें झालें कीं पार्व्हो वगैरे रोगांच्या लशी सुरू कराव्या. रक्ताच्या हगवणीनें दोन दिवसांत जाणारीं पिलें मीं पाहिलीं आहेत. तिसऱ्या महिन्यांत पिसाळण्यावरची लस टोंचावी आणि पुढें दरवर्षीं ती चुकवूं नये. लुई पाश्चरनें १८८५ च्या जुलैमध्यें नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला ही लस देऊन वांचविलें. तथापि रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागल्यावर त्यावर आजहि खात्रीचा उपाय नाहीं. कोणतेंहि कुत्रें चावलें तर जखम साबण व वाहतें पाणी यांनीं पंधरा मिनिटें धुवावी. तिखट, चुना, हळद कांहींएक न लावतां त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. लशींच्या तारखा स्वयंपाकघरांतील कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारीं लिहून ठेवाव्या. आमच्याकडे त्या तेथेंच सांपडतात.

आणखी एक गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत सहसा सांपडत नाहीं. गोदावरी-दारणेच्या कांठच्या उसांतून बिबटे शहराच्या कडेला येतात. २०१९ च्या जानेवारींत तर एक बिबट्या थेट सावरकरनगरांत शिरला होता. अंगणांत साखळीनें बांधलेला कुत्रा त्याला आयतेंच भक्ष्य. मळ्यालगतच्या वसाहतींत राहणाऱ्यांनीं रात्रीं कुत्रा राखणीसाठीं बाहेर बांधूं नये, घरांत घ्यावा. पहांटेच्या काळोखांत त्याला एकटें मोकळेंहि सोडूं नये.

मोतीनंतर पुष्कळ वर्षें आम्हीं कुत्रा पाळला नाहीं. आतां चिंगी नांवाची एक गांवठी कुत्री आहे, गल्लींतूनच आलेली. निफाडची करंडी अजून दर फाल्गुनांत येते. ती कपाटाच्या माथ्यावर ठेवतात, आणि नातवंडांनीं द्राक्षें खाऊन हात धुतल्यावांचून चिंगीपाशीं जावयाचें नाहीं असा घरांत दंडक आहे. चिंगी कपाटाखालीं बसून वर पाहत राहते. तिला त्याऐवजीं गाजराचा तुकडा मिळतो, आणि तो ती फारशा आनंदानें खात नाहीं.