वर येण्याची घाई नको

१९०८ साली जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने ब्रिटिश नौदलाच्या डायव्हर्ससाठी, किती खोल किती वेळ राहिल्यावर किती सावकाश वर यायचं याचे तक्ते प्रसिद्ध केले. प्रयोग झाले बकऱ्यांवर. दाबाच्या कोठीतून झटकन बाहेर काढलेली बकरी पुढचा पाय उचलून धरायची. अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन ती बेजार व्हायची.

आता हा हिशेब मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर करतो. तरी नवशिक्याला आकडे तोंडपाठ हवेतच. ‘पाडी’ या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात १८ मीटर खोलीवर राहायला ५६ मिनिटं मिळतात, ३० मीटरवर फक्त २०! वर येताना पाचेक मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. नवखे नेमके इथेच कंटाळतात.

तारकर्लीत डाइव्ह करून संध्याकाळचं विमान गाठायचा बेत असेल, तर तो बदला. विमानातही हवेचा दाब कमी होतो, म्हणून एका डाइव्हनंतर किमान १२ तास, जास्त डाइव्ह केल्यास १८ तास विमानप्रवास टाळा.