कोहा : परतफेडीची भेट

१९९९ साली न्यूझीलंडमधील होरोफेनुआ ग्रंथालय विश्वस्त संस्थेपुढे पेच उभा राहिला. तिची जुनी संगणकप्रणाली २००० साल ओळखणारी नव्हती. म्हणजे ग्रंथपरतीच्या तारखाच कोलमडायच्या! बाजारातील प्रणाली न घेता संस्थेने काटिपो या कंपनीकडून नवी लिहवून घेतली. जानेवारी २००० मध्ये तिच्यावर देवघेव सुरू झाली आणि तिची मूळ आज्ञावली सर्वांस खुली करण्यात आली. नाव ठेवले ‘कोहा’. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट; मात्र घेणाऱ्याने पुढे काही परत द्यावे, असा संकेत तीत असतो. हा संकेत मोलाचा. प्रणाली विनामूल्य मिळते, तिची निगा विनामूल्य होत नाही; जाणता माणूस लागतोच. पुढे अमेरिकेतील नेल्सनव्हिलच्या सार्वजनिक ग्रंथालयाने स्वखर्चाने तीत सुधारणा करविल्या, आणि त्या सर्वांनाच खुल्या झाल्या.