शिदोरी किती घ्यावी?

मोबाईलवर सोयाबीनचा भाव पाहताना त्यामागे काय घडते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. बोट लावले की आपली विनंती दूरच्या एका संगणकाकडे जाते व तेथून उत्तर येते. या संगणकाला सर्व्हर म्हणतात. त्याचा प्रोग्राम लिहिणे हे बड्या शहरांतल्या कंपन्यांचेच काम, असा समज आहे. तो खरा नाही. दुसरबीडचा विद्यार्थीही तो लिहू शकतो.

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी 1995 साली ब्राउझरसाठी घडविली. 2009 मध्ये रायन डाल यांनी नोड तयार केले आणि त्यायोगे सर्व्हरवरही हीच भाषा चालू लागली. एका भाषेत दोन्ही कामे होतात, ही खेड्यातल्या मुलाला काही लहान सवलत नव्हे. नोड म्हणजे कचेरीतला चपळ कारकून समजा. अर्ज घेतो, कागद काढायला दप्तरखान्यात पाठवतो आणि वाट पाहत न बसता पुढच्याचा अर्ज घेतो. मात्र एखादा किचकट हिशेब स्वतःच करीत बसला, की मागची सारी रांग खोळंबलीच!

कोणता अर्ज कोणत्या टेबलावर जावा, हे ठरविण्याचे काम टीजे होलोवेचुक यांनी 2010 मध्ये आणलेली एक्सप्रेस ही चौकट करते. तिच्यात विनंती एकेका टप्प्यातून जाते. प्रत्येक टप्पा आपले काम करतो आणि 'पुढे' म्हणतो. त्याने 'पुढे' म्हटले नाही आणि उत्तरही दिले नाही, तर विनंती तिथेच अडकते. क्रमही महत्त्वाचा. कोठार उघडून झाल्यावर पहारेकऱ्याने ओळख विचारून काय उपयोग?

ही चौकट मुद्दाम हलकी ठेवलेली आहे. 2014 च्या चौथ्या आवृत्तीत तर सोबतची बहुतेक साधने वेगळी काढली; ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे. शिदोरी हलकी असली की चालणे सोपे होते खरे, पण मग वाटेत कोणाच्या घरची भाकरी खायची, हे पाहावे लागते. मार्च 2016 मध्ये लेफ्ट-पॅड नावाचे अवघ्या अकरा ओळींचे साधन त्याच्या लेखकाने काढून घेतले, आणि त्यावर विसंबलेली जगभरची कितीतरी कामे काही तास अडली.

समजा, आपल्या विद्यार्थ्याने भाव दाखविणारा सर्व्हर लिहिला. भावात कुणी एक शून्य जास्त टाकले, तर एक्सप्रेस आपण होऊन हूं की चूं करणार नाही. आकडा तपासणे हे लिहिणाऱ्याचेच काम. तो चुकीचा भाव वाचून एखादा शेतकरी गाडी भरून मेहकरला गेला, तर भाड्याचे पैसे कोण देणार?

म्हणून तरुण मित्रांना माझे सांगणे एवढेच, की हलकी चौकट अवश्य घ्या. पण तिने जे काम आपल्यावर सोडले आहे, त्याची यादी आधी करा आणि मगच पहिली ओळ लिहा.